नागपूरच्या उन्हाळ्यात चालणे बंद पडते आणि साखर पुन्हा वाढते : काय करावे?

निशिगंध :

नमस्कार. माझे वय ४७ वर्षे असून मी त्रिमूर्तीनगरात राहते आणि सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयात दिवसभर बैठे काम करते. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर महिन्यात, सहज म्हणून केलेल्या तपासणीत माझे एचबीएवनसी (मागील तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.३ निघाले. ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था आहे असे डॉक्टरांनी सांगितले, औषध सुरू केले नाही, आणि चार-पाच किलो वजन उतरवून रोज चालण्याचा सल्ला दिला. मी तो मनापासून पाळला. दिवाळीनंतरची नागपूरची थंडी चालायला फार चांगली असते. रोज सकाळी ४५ मिनिटे चालून फेब्रुवारीत माझे वजन ६७ वरून ६३ किलोवर आले आणि एचबीएवनसी ५.९ झाले.

त्यानंतर उन्हाळा आला आणि सगळे विस्कटले. सकाळी साडेपाच ते सात ही माझी डबे करण्याची वेळ आहे. सातला बाहेर पडावे तर एप्रिल उजाडेपर्यंत ऊन चटके देऊ लागते. मे महिन्यात एकदा तशीच हट्टाने गेले आणि परतताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन एका अनोळखी घराच्या ओट्यावर बसावे लागले. त्या घरच्या आजींनी पाणी दिले आणि सावलीत बसवून ठेवले, म्हणून निभावले. त्या दिवसापासून घरच्यांनी मला चालायला जाऊ दिले नाही. संध्याकाळी कार्यालयातून परत येईपर्यंत पावणेसात होतात, तेव्हा डांबरी रस्ता नुसता भाजत असतो. पाऊस सुरू होईपर्यंत अडीच महिने गेले. जुलैमध्ये वजन ६६ आणि एचबीएवनसी ६.३ होते. दिवाळीनंतर पुन्हा चालले आणि या फेब्रुवारीत ५.८ आले. आता होळी झाली आहे, पारा ३८ च्या पुढे गेला आहे आणि तेच चक्र पुन्हा फिरणार याची मला खरोखर भीती वाटते.

खाण्याचेही लपवत नाही. आंबा आला की आमच्याकडे दोन्ही वेळा रस असतो. कार्यालयातून येताना उसाचा रस घेण्याची सवय लागली आहे. स्वयंपाकघर संध्याकाळी इतके तापलेले असते की रात्रीचा स्वयंपाक साडेनऊला होतो आणि जेवायला दहा वाजतात. शिवाय मे महिन्यात लग्ने असतात.

व्यायामशाळेचे शुल्क भरणे आणि तिथे जाण्या-येण्यासाठी वेळ काढणे मला शक्य नाही. घरच्या घरी, या उष्णतेत, नेमके काय आणि किती करावे? पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केल्याने फरक पडेल का? ज्यांनी नागपूरचे किंवा विदर्भातले उन्हाळे व्यायाम न मोडता काढले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहाटवारा :

ताई, मी ६८ वर्षांचा आहे आणि निवृत्तीच्या आधीपासून अंबाझरी तलावाच्या काठाने चालत आलो आहे, त्यामुळे वेळेबद्दल थोडे अनुभवाने सांगू शकतो.

उन्हाळ्यात दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते. मे महिन्यात नागपुरात सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो आणि त्या वेळी पारा साधारण २८ ते ३० अंशांवर असतो. सात वाजता हवा त्या मानाने फार तापलेली नसते, पण ऊन थेट अंगावर येऊ लागते आणि आपल्याला त्रास होतो तो मुख्यतः त्याचा. म्हणून उन्हाळ्यात पाच ते साडेपाच हीच चालण्याची खरी वेळ आहे. आपल्या डब्यांची वेळ साडेपाचची आहे असे आपण लिहिले आहे. तेव्हा पाऊण तासाचा आग्रह सोडून पाच ते पाच-पंचवीस एवढेच चालावे आणि घरापासून दूर जाऊ नये. अंबाझरी किंवा तेलंगखेडीपर्यंत गाडीने जाण्यात जो वेळ जातो, त्याच वेळात आपल्या वस्तीतील उद्यानाच्या चार फेऱ्या होतात. सेमिनरी हिल्सचा चढ हिवाळ्यासाठी राखून ठेवावा. अंधारात एकटीने जाऊ नये, शेजारच्या एक-दोघींना सोबत घ्यावे, हेही आवर्जून सांगतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उष्णतेत श्रम करण्याची सवय शरीराला हळूहळू लागते. तिला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते आणि त्याच कामासाठी हृदयावर पडणारा ताण कमी होतो. मार्च-एप्रिलमध्ये चालणे बंद ठेवून मे महिन्यात अचानक एक दिवस बाहेर पडले, तर शरीर त्या उन्हासाठी मुळीच तयार नसते. आपल्या अंधारीचे हे एक कारण असू शकते. त्यामुळे आत्तापासून रोज थोडे चालत राहणे हीच मे महिन्याची तयारी आहे, आणि चार-सहा दिवसांचा खंड पडला तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी.

नवतपाच्या दिवसांत, म्हणजे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, काही रात्री अजिबात निवत नाहीत. अशी रात्र गेली आणि झोप झाली नाही, तर मी सकाळी जात नाही. पूर्वी आम्ही गच्चीवर पाणी शिंपडून झोपत असू आणि पहाटे आपोआप जाग येत असे. आता बंद खोल्यांत अकरा-साडेअकरापर्यंत झोप लागत नाही आणि पाचला उठायचे म्हटले की झोपेतून दीड तास कापला जातो. अपुऱ्या झोपेनेही शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, म्हणून झोप मोडून चालण्याचा हिशेब फायद्याचा ठरत नाही. आठवड्यातून तीन-चार पहाटा साधल्या तरी पुरे मानाव्यात. उरलेल्या दिवसांचे काय करावे ते इतर जाणकार सांगतील.

मल्लखांब :

मी नागपुरातील एका शाळेत बावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवते. निशिगंधताई, आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, आणि तेच आधी दूर करावेसे वाटते. व्यायाम म्हणजे चालणे, आणि चालणे बंद म्हणजे व्यायाम बंद, असे आपण धरून चालला आहात. साखरेच्या दृष्टीने पाहिले तर उन्हाळा हा चालण्याच्या जागी स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाला पुढे आणण्याचा काळ आहे, आणि तो सहा फूट जागेत होतो.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा त्यांच्या पेशींमधील साखर आत घेणारे वाहक पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. व्यायाम संपल्यावरही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद एक ते तीन दिवस सुधारलेला राहतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. आपला खंड अडीच महिन्यांचा होता, त्यामुळे हिवाळ्यातील कमाई टिकली नाही यात नवल नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि शिवाय किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचे बलवर्धक व्यायाम सुचवले आहेत. आपल्याकडे पहिली अट सर्वांना पाठ असते आणि दुसरी बहुतेकांनी ऐकलेलीही नसते. त्याच वेळी संघटनेने एक जुनी अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी केलेली हालचाल मोजली जात नसे, आता प्रत्येक मिनिट धरले जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात याचा फार उपयोग आहे, कारण पाच-पाच मिनिटांचे तुकडे अंग न तापू देता करता येतात.

आता प्रत्यक्ष कृती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस, वीस-बावीस मिनिटे. प्रथम दोन-तीन मिनिटे जागच्या जागी पावले टाकून अंग मोकळे करावे. मग पाठीमागे पक्की खुर्ची ठेवून, हातांचा आधार न घेता, बसणे आणि उठणे. ही बैठकेची पहिली पायरी आहे. त्यानंतर भिंतीवर तळहात टेकून जोर काढावेत. भिंत सोपी वाटू लागली की ओट्याच्या कडेला आणि पुढे पलंगाच्या काठावर. दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात धरून, किंचित पुढे वाकून, कोपर मागे खेचत ती कमरेपर्यंत आणावी; दोन्ही हातांनी आळीपाळीने. उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, म्हणजे सेतुबंध, आणि शेवटी भिंतीला धरून टाचा उचलणे. प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि अशी दोन आवर्तने. शेवटची दोन-तीन पुनरावर्तने जड जायला हवीत. ती सहज होऊ लागली की संख्या वाढवत बसू नये, वजन किंवा अवघडपणा वाढवावा. हा मुद्दा घरी व्यायाम करणाऱ्या बहुतेकांकडून सुटतो आणि चार महिन्यांनंतरही ते तिथेच राहतात.

जोर-बैठका, सूर्यनमस्कार हे आपल्या मातीतलेच प्रकार आहेत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे शिकवत आले आहे आणि १९३६ साली त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. ज्या विदर्भाला ही परंपरा आहे, तिथल्या स्त्रियांनी साधनांअभावी व्यायाम सोडावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

कूलरबद्दल एक सूचना. घाम गळून शरीर थंड होत नाही, तो वाळल्यावर होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो. पण खोली बंद करून कूलर लावला की थोड्याच वेळात आत दमटपणा साचतो आणि घाम अंगावर तसाच राहतो. म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवूनच व्यायाम करावा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाआधी, हवा दमट होऊन कूलर निकामी ठरतो. त्या दिवसांत एकच आवर्तन करावे आणि तेही पहाटे.

निशिगंध :

मल्लखांबताई आणि पहाटवारा काका, आपले मनापासून आभार. एक अडचण सांगायची राहिली. जिना उतरताना माझा उजवा गुडघा दुखतो. सूज नाही, पण खुर्चीवरून आधाराशिवाय उठताना कटकट आवाज येतो. अशा वेळी बैठका कराव्यात का?

मल्लखांब :

दुखणे नसताना नुसता आवाज येत असेल तर त्याची काळजी करू नये. उतरताना दुखते याचा अर्थ मांडीच्या पुढच्या स्नायूला तो भार पुरेसा पेलत नाही असा असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्यावर तोच स्नायू बळकट करणे हा उपाय आहे. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी, पाय खांद्याइतके फाकवावेत, आणि बसताना तीन आकडे मोजत सावकाश खाली यावे. दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे व्यायामात चालते, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उरता कामा नये. उरले तर उशी आणखी उंच करावी. गुडघा सुजला, अडकला किंवा लचकून सुटल्यासारखा वाटला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जवस :

मी आहारतज्ज्ञ आहे. व्यायामाबद्दल वर नेमके लिहिले गेले आहे, म्हणून थेट ताटाकडे वळते, कारण आपण लिहिलेल्या मजकुरातच अर्धे उत्तर आहे.

सर्वप्रथम उसाचा रस. एका मोठ्या पेल्यात, म्हणजे २५० मिलीलिटर रसात, साधारण ३० ते ३५ ग्रॅम साखर असते आणि तंतू जवळजवळ नसतात. दिवसभर बैठे काम करून, रिकाम्यापोटी, तहान लागलेली असताना घेतलेला हा पेला फार वेगाने रक्तात उतरतो. आपल्या सगळ्या प्रश्नात एकच गोष्ट पूर्ण बंद करायला सांगायची झाली, तर मी हीच सांगेन. त्याऐवजी कार्यालयातून निघण्यापूर्वी पाणी प्यावे आणि घरी आल्यावर ताक घ्यावे. पन्ह्याबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो की गूळ घातला म्हणजे ते निरुपद्रवी झाले; गूळही बहुतांशी साखरच आहे. कैरी उकडून, जिरेपूड आणि थोडे मीठ घालून, गूळ नावापुरता ठेवून केलेले पातळ पन्हे चांगले. मिठाची दिवसाची एकूण मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आहे आणि ताक-पन्ह्यातले मीठ त्यातच मोजायचे आहे.

आंबा मी आपल्याला सोडायला सांगणार नाही. विदर्भात सरगुंडे-रस आणि कुरडया यांच्याशिवाय मे महिना जात नाही, आणि जे पाळले जाणार नाही ते सांगण्यात अर्थ नसतो. पण १०० ग्रॅम गरात सुमारे १४ ग्रॅम साखर धरली तर मोठी वाटीभर रस, वरून साखर न घालताही, वीस ग्रॅमच्या पुढे जातो. तो दोन वेळा, प्रत्येकी तीन पोळ्यांबरोबर आणि नंतर भात, असा घेतला की जेवणातील पिष्टमय भाग फार मोठा होतो. दिवसातून एकदा, दुपारी, लहान वाटी रस घ्यावा; त्या जेवणात भात नसावा आणि पोळी एक कमी असावी. शक्य तेव्हा रसाऐवजी आंबा फोडी करून खावा, कारण चावून खाल्लेल्या फळाने पोट लवकर भरते. हेच संत्र्याला लागू आहे. मृग बहाराची संत्री मार्चमध्येही बाजारात असतात, ती सोलून खावीत, रस काढू नये.

पोळी की भाकरी, हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा विचारला जातो. न चाळलेली कणीक तंतूंच्या बाबतीत ज्वारीच्या फारशी मागे नाही. ज्वारीची भाकरी आवडत असेल तर अवश्य खावी, ती पोटाला भरभक्कम असते. पण दोन पोळ्यांच्या जागी अडीच भाकरी आल्या तर साखरेला त्याचा काहीच उपयोग होत नाही. फरक पडतो तो पोळीबरोबर ताटात काय आहे याने. भाजी, कोशिंबीर, वरण किंवा उसळ आधी खाऊन पोळी-भात शेवटी खाल्ला, तर जेवणानंतर साखर कमी चढते असे अभ्यासांत दिसले आहे. ही सवय फुकट आहे आणि लग्नाच्या पंगतीतही पाळता येते.

आपल्या ताटातील खरी उणीव प्रथिनांची असावी असा माझा अंदाज आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या ६४ किलोंच्या आसपासच्या वजनाला ती सुमारे ५३ ग्रॅम होतात, आणि स्नायूंचा व्यायाम सुरू केल्यावर त्याहून थोडी अधिक असलेली बरी. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच असतात. उन्हाळ्यात भूक मंदावते, वरणही पातळ होते आणि ताकात दही कमी व पाणी जास्त असते, म्हणून प्रथिने आणखी घटतात. मूठभर भिजवलेल्या मटकीची मोड आणून केलेली उसळ (सुमारे सात ग्रॅम), मुगाच्या डाळीची धिरडी, घट्ट दह्याची वाटी, मूठभर फल्लीदाणे, चालत असल्यास अंडी (एकात सुमारे सहा ग्रॅम) यांपैकी काहीतरी प्रत्येक खाण्यात असावे. सोयाबीनच्या वड्यांत तर ३० ग्रॅमला पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्या मसाल्याच्या रश्श्यात छान लागतात; मात्र रश्श्यावर तेलाचा थर नको.

राहिली रात्रीच्या जेवणाची वेळ. स्वयंपाकघर तापलेले असते ही अडचण अगदी खरी आहे आणि ती सोसून रोज आठला स्वयंपाक करा असे मी म्हणणार नाही. पण डब्यांबरोबर सकाळीच रात्रीची उसळ आणि पोळ्यांची कणीक करून ठेवता येते. उसळ लगेच गार करून फ्रीजमध्ये ठेवावी, कारण या हवेत ओट्यावरचे अन्न दुपारपर्यंत आंबते. संध्याकाळी चूल पंधरा मिनिटे पेटली की जेवण साडेआठला होते. जेवणानंतर घरातल्या घरात, हवे तर गच्चीवर, दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरावे. साखर वर चढत असते नेमक्या त्याच वेळी ही हालचाल होते, म्हणून थोडी असूनही ती पुष्कळ काम करते.

सदरकर :

माझे काम फिरतीचे नसून मीही दिवसभर टेबलाशीच असतो. मागच्या उन्हाळ्यात मी एवढेच केले की कार्यालयाच्या चार मजल्यांचा जिना दर दोन तासांनी एकदा चढून उतरलो आणि मेट्रो स्थानकांवर सरकता जिना वापरणे बंद केले. जिना सावलीत असतो आणि अंग तापायच्या आत चढण संपते. वजन उतरले नाही, पण दरवर्षीसारखे वाढलेही नाही. सिव्हिल लाइन्समधील बहुतेक जुन्या इमारतींना रुंद जिने आहेत, त्यामुळे निशिगंधताईंना हे जमावे. गुडघा बरा होईपर्यंत चढावे जिन्याने आणि उतरावे लिफ्टने.

उपचारक :

मी सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. येथील सल्ला चांगला आहे. काही गोष्टी वैद्यकीय दृष्टीने जोडणे आवश्यक वाटते.

एचबीएवनसी हा साधारण मागील तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज असतो. ५.७ ते ६.४ ही पूर्वावस्था, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. परंतु ही चाचणी लाल पेशींवर अवलंबून असते. लोहाची कमतरता असेल तर आकडा खऱ्याहून जास्त दिसू शकतो. सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार विदर्भात बऱ्याच कुटुंबांत आढळतो. तो आजार असेल तर लाल पेशी लवकर नष्ट होऊन आकडा फसवा कमी येतो, आणि नुसते वाहक (म्हणजे आजार नाही, पण त्याचे जनुक आहे असे) असल्यासही तपासणीच्या काही पद्धतींत तो चुकतो. म्हणून निशिगंधताईंनी एकदा हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, आणि एचबीएवनसीबरोबर उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखरही एकाच प्रयोगशाळेत पाहावी. ५.९ चे ६.३ होणे ही दखल घेण्याजोगी वाढ आहे, पण ०.१-०.२ च्या फरकाने घाबरून जाऊ नये. सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक या दोघांनीही उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, जोराचा व्यायाम मुळीच करू नये.

जीवनशैलीतील बदल औषधाइतका प्रभावी ठरतो का, अशी शंका रुग्ण नेहमी विचारतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, पूर्वावस्थेतील लोकांमध्ये आहार आणि व्यायामाने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या औषधाने सुमारे २६ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र दिल्याने अधिक लाभ झाला नाही. आपण दोन हिवाळे स्वतःच्या बळावर आकडा खाली आणला आहे, हे लक्षात ठेवावे.

आता अंधारीविषयी. उन्हात चक्कर, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, पायांत गोळे ही उष्णतेने थकल्याची लक्षणे आहेत. तत्काळ थांबून सावलीत आडवे व्हावे, पाय उंच करावेत आणि घोट घोट पाणी घ्यावे. बोलणे असंबद्ध झाले, भान हरपले किंवा अंग ४० अंशांहून अधिक तापले, तर तो उष्माघात आहे. तेव्हा १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा त्यात उपयोग होत नाही, आणि खिशातल्या कांद्यावर विसंबून दुपारी बाहेर पडू नये.

जलसंजीवनी (ओआरएस) हे रोजचे पेय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे तिच्या एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते; पहाटेच्या पंचवीस मिनिटांच्या चालण्यानंतर साधे पाणी पुरते.

निशिगंध :

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिले, याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. कालच प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन आणि सिकलसेलसाठी रक्त दिले. माझ्या मामेबहिणीला सिकलसेल आहे, पण माझी स्वतःची तपासणी आजवर झालीच नव्हती. शेजारच्या दोघी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे पाचला सोबत यायला तयार झाल्या आहेत. आज खुर्चीवर उशी ठेवून पहिले आवर्तन केले. दहाव्या वेळी उठताना मांड्या थरथरल्या, गुडघा मात्र दुखला नाही.

उपचारक महोदय, एक शेवटचा प्रश्न. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू आहे, आणि आमचे पाहून तेही पहाटे चालायला येतो म्हणतात. त्यांनी यावे का?

उपचारक :

यावे, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून. त्या गोळीने शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, उन्हाळ्यात घामानेही तेच होते, आणि दोन्ही मिळून उठताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. आठवडाभर सकाळी बसून आणि मग दोन मिनिटे उभे राहून, असा दोन वेळा रक्तदाब मोजून वहीत लिहावा आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. मात्रा कमी करायची की वेळ बदलायची हे ते ठरवतील. गोळी स्वतःहून बंद करू नये. उतारवयात तहान कमी जाणवते, म्हणून निघण्यापूर्वी त्यांना पेलाभर पाणी आठवणीने द्यावे, अर्थात हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल तर. सुरुवातीला दहा मिनिटे, बाक असलेल्या वाटेने, आणि आपल्यापैकी एकीने त्यांच्या चालीने चालावे.